विश्लेषण : रक्तात लोह आहे, मग एमआरआयचे चुंबक ते ओढत का नाही?

सिकलसेल असलेल्या मुलाला काही वर्षांत अनेकदा रक्त चढवावे लागले, की पुढच्या एखाद्या तपासणीत डॉक्टर यकृताचा एमआरआय करून घ्यायला सांगू शकतात. चंद्रपूर-गडचिरोलीतील घरांत अशा वेळी आधी खर्चाचा प्रश्न येतो आणि मग भीतीचा. एमआरआय म्हणजे मोठे चुंबक, आणि रक्तात तर लोह असते. मग ते चुंबक रक्त ओढून घेणार नाही का? ज्याच्या रक्तपेशी आधीच विळ्यासारख्या वाकड्या होतात, त्याला काही इजा तर होणार नाही ना?

हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. जगातील नामवंत शास्त्रज्ञांनीही तो विचारला आहे. त्याचे उत्तर लोहाच्या अणूतील इलेक्ट्रॉनमध्ये सापडते. ज्या इलेक्ट्रॉनमुळे ही भीती वाटते, त्याच्याच मदतीने यकृतात साठलेले लोह सुई न टोचता मोजता येते. ते कसे, पाहू या.

एमआरआयचे चुंबक किती शक्तिशाली असते?

चुंबकीय क्षेत्र 'टेस्ला' या एककात मोजतात. होकायंत्राची सुई फिरवणारे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र मध्य भारतात साधारण ०.००००४ टेस्ला आहे. रुग्णालयातील एमआरआय यंत्रे बहुतेक १.५ किंवा ३ टेस्लाची असतात. म्हणजे १.५ टेस्लाचे यंत्रही पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजार पटींहून अधिक प्रबळ असते.

हे क्षेत्र विजेच्या वेटोळ्यातून तयार होते. उणे २६९ अंश सेल्सिअसच्या द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेल्या या वेटोळ्यात वीज अडथळ्याविना फिरत राहते. त्यामुळे तपासणी चालू नसतानाही चुंबक चालूच असते. खोलीत नेलेली लोखंडी कात्री किंवा सिलिंडर क्षणात यंत्राकडे खेचला जातो, तो याचमुळे.

लोह म्हटले की चुंबकाला चिकटायला हवे ना?

तसे नाही. याचा पुरावा गडचिरोलीच्या डोंगरातच आहे. एटापल्ली तालुक्यातील सुरजागडचे लोहखनिज प्रामुख्याने हेमेटाइट प्रकारचे आहे. शुद्ध हेमेटाइटच्या वजनापैकी सुमारे ७० टक्के लोह असते. तरीही त्या खड्याला घरातले साधे चुंबक लावले, तर ते खिळ्यासारखे चिकटत नाही. त्याच खनिजापासून भट्टीत लोखंड बनवून खिळा केला, की तो लगेच चिकटतो. मॅग्नेटाइट नावाचे दुसरे लोहखनिज मात्र दगडाच्या रूपातच चुंबकाला चिकटते.

तिन्हींत लोह तेच आहे. फरक आहे तो त्यातील इलेक्ट्रॉन कशा मांडणीत बसले आहेत, याचा.

इलेक्ट्रॉनची मांडणी म्हणजे काय?

प्रत्येक इलेक्ट्रॉन हे स्वतःच एक अतिसूक्ष्म चुंबक असते. या गुणधर्माला 'स्पिन' म्हणतात. क्षेत्राच्या दिशेने मोजल्यास स्पिनच्या दोनच अवस्था मिळतात, वर किंवा खाली. मधली कोणतीही अवस्था मिळत नाही. क्वांटम भौतिकशास्त्राचा हा मूलभूत नियम आहे.

दुसरा नियम असा, की एका कक्षेत जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन राहू शकतात आणि त्यांची स्पिन एकमेकांच्या उलट असावी लागते. एका खाटेवर दोघांना झोपायचे असेल, तर एकाचे डोके उशाशी आणि दुसऱ्याचे पायथ्याशी, तसेच हे. अशी जोडी जमली की दोघांचे चुंबकत्व एकमेकांना रद्द करते. बाहेर काही दिसायला हवे असेल, तर एकटा, बिनजोडीचा इलेक्ट्रॉन लागतो.

लोहाच्या अणूत अशा पाच 'खाटा' महत्त्वाच्या असतात. हेमेटाइटमधील लोहाकडे त्यांच्यासाठी पाच इलेक्ट्रॉन असतात. प्रत्येकाला स्वतंत्र खाट मिळते, म्हणजे पाचही एकटे. पण स्फटिकाच्या एका थरातील अणूंची दिशा शेजारच्या थराच्या जवळजवळ उलट असते. थराने थर कापला जातो आणि बाहेर नाममात्र चुंबकत्व उरते. लोखंडी खिळ्यात मात्र शेजारचे अणू एकमेकांना एकाच दिशेला वळवतात. असंख्य इलेक्ट्रॉनचे बळ एकत्र येते, म्हणून खिळा ओढला जातो.

रक्तातील लोहाचे काय होते?

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण तीन ते चार ग्रॅम लोह असते. त्यातील सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे चार अणू असतात आणि प्रत्येक अणू प्राणवायूचा एक रेणू पकडू शकतो.

या लोहाकडे त्या पाच खाटांसाठी सहा इलेक्ट्रॉन असतात. प्राणवायू नसताना पाच जण एकेक खाट घेतात आणि सहाव्याला कोणाच्या तरी खाटेवर जावे लागते. एक जोडी जमते, चार जण एकटे राहतात. अशा लोहाला चुंबक हलकेसे ओढते.

प्राणवायू येऊन चिकटला की चित्र पालटते. पाचपैकी दोन खाटा जणू उंच मचाणावर नेल्या जातात. तिथवर चढण्यापेक्षा खालीच दाटीवाटीने झोपणे परवडते. मग सहाही इलेक्ट्रॉन खालच्या तीन खाटांवर जोड्या करून बसतात. एकटा कोणीच उरत नाही आणि चुंबकाची ओढ संपते. लोह आणि प्राणवायू यांच्यात इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण नेमकी किती होते, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण बिनजोडीच्या इलेक्ट्रॉनची बेरीज शून्य येते, हे मोजमापातून सिद्ध झाले आहे.

त्यात रक्ताचा बराच मोठा भाग पाणी असतो आणि पाणी चुंबकापासून किंचित दूर सरते. सगळ्याची गोळाबेरीज केली, तर एमआरआयमध्ये रक्तावर येणारे बळ नगण्य ठरते. हृदय ज्या जोराने रक्त ढकलते, त्यापुढे ते जाणवतही नाही.

हे कोणी शोधून काढले?

मायकेल फॅरेडे यांनी १८४५ मध्ये वाळलेल्या रक्ताला चुंबक लावून पाहिले होते. रक्तात लोह असूनही ते ओढले जात नाही, हे त्यांच्या लक्षात आले. त्याचे कारण समजायला आणखी नव्वद वर्षे लागली. १९३६ मध्ये अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी प्राणवायू असलेले आणि नसलेले हिमोग्लोबिन चुंबकीय क्षेत्रात तोलले. प्राणवायू नसलेल्या हिमोग्लोबिनमध्ये लोहाच्या प्रत्येक अणूमागे चार बिनजोडीचे इलेक्ट्रॉन आढळले, तर प्राणवायू असलेल्यात एकही नाही.

पुढे १९४९ मध्ये पॉलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीच दाखवून दिले, की सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूतील बदलामुळे होणारा आजार आहे. एखादा आजार रेणूच्या पातळीवर ओळखला जाण्याची ती पहिली वेळ होती. भारतात सिकलसेलची पहिली नोंद १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासी भागातून झाली. त्यानंतर त्याच दशकात मध्य भारतातूनही नोंदी आल्या. आज पूर्व विदर्भ हा या आजाराचा मोठा पट्टा मानला जातो. चंद्रपूरला भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे हिमोग्लोबिनच्या विकारांवर काम करणारे केंद्रही आहे.

प्रखर चुंबकीय क्षेत्रात इलेक्ट्रॉनचे नेमके काय होते?

चुंबकीय क्षेत्र नसताना एकट्या इलेक्ट्रॉनच्या 'वर' आणि 'खाली' या दोन अवस्थांची ऊर्जा सारखीच असते. क्षेत्र लावले की ती वेगळी होते. एक अवस्था थोडी स्वस्त, तर दुसरी थोडी महाग होते. डच शास्त्रज्ञ पीटर झीमन यांना १८९६ मध्ये याची पहिली खूण दिसली. सोडियमच्या ज्योतीजवळ प्रबळ चुंबक नेताच प्रकाशातील पिवळ्या रेषा रुंदावल्या. म्हणून या परिणामाला 'झीमन परिणाम' म्हणतात. त्यासाठी १९०२ मध्ये त्यांना हेन्ड्रिक लोरेंट्झ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

हा फरक किती असतो? एक टेस्ला क्षेत्रात तो २८ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीच्या ऊर्जेइतका असतो. २०२२ मध्ये देशात ५जीसाठी लिलाव झालेल्या पट्ट्यांपैकी एक २६ गिगाहर्ट्झचा आहे, त्याच्या जवळपासच हा आकडा येतो. अणूंच्या जगात ही ऊर्जा फारच थोडी. शरीराच्या उष्णतेने होणारी धक्काबुक्की त्यापेक्षा कितीतरी जोरदार असते. त्यामुळे १.५ टेस्लाच्या यंत्रातही हजार एकट्या इलेक्ट्रॉनपैकी सुमारे ५०२ एका बाजूला आणि ४९८ दुसऱ्या बाजूला राहतात. हजारात जेमतेम तिघांचे मताधिक्य.

म्हणजे एमआरआयचे चुंबक इलेक्ट्रॉनला अणूतून उपटत नाही, हिमोग्लोबिन मोडत नाही आणि रक्तातील जोड्याही फोडत नाही. दोन अवस्थांमधला तोल ते किंचित झुकवते. रुग्ण बाहेर आला की हा तोल लगेच पूर्ववत होतो.

मग यकृतातील लोह एमआरआयमध्ये दिसते कसे?

एमआरआय इलेक्ट्रॉनचे थेट चित्र काढत नाही. ते शरीरातील पाण्याच्या आणि चरबीच्या हायड्रोजनमधील प्रोटॉनचे संकेत टिपते. प्रोटॉन हेही एक सूक्ष्म चुंबक असते, पण इलेक्ट्रॉन त्याच्यापेक्षा सुमारे ६५८ पट प्रबळ असतो. त्यामुळे जवळ एकटे इलेक्ट्रॉन असतील, तर प्रोटॉनवर त्यांचा मोठा प्रभाव पडतो.

गडचिरोलीतील रेला नृत्य डोळ्यांसमोर आणा. हातात हात गुंफलेली रांग एका तालावर पावले टाकते. आता मैदानात ठिकठिकाणी वेगवेगळ्या लयीचे ढोल वाजू लागले, तर रांग काही क्षणांतच विस्कटेल. एमआरआय यंत्र प्रोटॉनना रेडिओ लहरींनी एका तालावर आणते. यकृतात साठलेल्या लोहाच्या अणूंकडे मात्र प्रत्येकी पाच एकटे इलेक्ट्रॉन असतात. अशा अणूंचे पुंजके भोवतीचे चुंबकीय क्षेत्र ठिकठिकाणी बदलतात आणि प्रोटॉनचा ताल चुकतो.

ताल जितक्या लवकर चुकतो, तितके लोह जास्त. १.५ टेस्लाच्या यंत्रावर निरोगी यकृतात संकेत ओसरण्याचा हा काळ साधारण वीस-तीस मिलिसेकंद असतो. लोहाचा साठा फार वाढला, तर तो एक-दोन मिलिसेकंदांवर येतो आणि चित्रात यकृत काळे दिसते. यावरून यकृताच्या दर ग्रॅममध्ये किती मिलिग्रॅम लोह आहे, याचा हिशेब करता येतो. त्यासाठी शिरेतून औषध टोचावे लागत नाही आणि क्ष-किरणही लागत नाहीत.

काही इतर तपासण्यांत गॅडोलिनियमयुक्त औषध टोचतात. त्याचे कामही इलेक्ट्रॉनमुळेच होते. गॅडोलिनियमच्या अणूत सात एकटे इलेक्ट्रॉन असतात.

सिकलसेल रुग्णांसाठी हे महत्त्वाचे का?

रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीरातून रोज केवळ एक ते दोन मिलिग्रॅम लोह बाहेर पडते. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची व्यवस्था आपल्या शरीरात नाही. दहा पिशव्या रक्त चढले, तर दोन ते अडीच ग्रॅम लोहाची भर पडते. निरोगी प्रौढाच्या शरीरातील एकूण लोह तीन-चार ग्रॅम असते, हे लक्षात घेतले की धोका कळतो.

हे लोह आधी यकृतात साठते. वर्षानुवर्षे साठत राहिले, तर यकृत निबर होऊ लागते. पुढे हृदय आणि अंतःस्रावी ग्रंथींनाही त्रास होऊ शकतो. सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही. फेरिटिन ही रक्ततपासणी स्वस्त आणि उपयुक्त असली, तरी ताप, संसर्ग किंवा सिकलसेलच्या वेदनांच्या झटक्यातही फेरिटिन वाढते. त्यामुळे केवळ त्यावरून नेमका साठा सांगता येत नाही. सुईने यकृताचा तुकडा काढून तपासणे हा जुना मार्ग आहे. त्यात रक्तस्रावाचा धोका असतो आणि तपासला जातो तो यकृताचा अगदी लहानसा भाग.

साठा वेळेत कळला, तर लोह बाहेर काढणारी औषधे देता येतात. डेफेरासिरॉक्सच्या गोळ्या हे त्याचे एक उदाहरण. पण मात्रा ठरवायला मोजमाप हवे. भामरागड किंवा सिरोंचाहून जिल्ह्याचे ठिकाणच दीडशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. तिथल्या कुटुंबाला तपासणीसाठी मजुरी बुडवून, मुक्काम करून जावे लागते. अशा वेळी 'चुंबक रक्त ओढेल' या भीतीने तपासणी टळली, तर नुकसान मोठे आहे.

राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मोहीम १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झाली. आदिवासीबहुल भागांतील ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७पर्यंत आजाराचे निर्मूलन करणे, हे तिचे उद्दिष्ट आहे. तपासणीतून रुग्ण सापडणे ही पहिली पायरी. सापडलेल्या रुग्णावर अनेक वर्षे लक्ष ठेवावे लागते आणि लोहाचे मोजमाप हा त्याचा एक भाग आहे.

विळ्यासारख्या पेशी चुंबकात वळतात, हे खरे का?

प्रयोगशाळेत असे दिसले आहे. मकिओ मुरायामा यांनी १९६५ मध्ये प्राणवायू काढून घेतलेल्या, विळ्याचा आकार आलेल्या पेशी ०.३५ टेस्लाच्या क्षेत्रात ठेवल्या. त्या क्षेत्राला काटकोनात वळल्या. सिकलसेलमध्ये हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोरे तयार करतात. हजारो रेणू एकाच दिशेने रचले गेले, की प्रत्येकाचा क्षीण चुंबकीय परिणाम एकत्र येतो आणि अख्खी पेशी वळते.

एमआरआय रुग्णालयांत आल्यावर याच निष्कर्षामुळे डॉक्टरांनाही शंका आली होती. पेशी आडव्या होऊन बारीक रक्तवाहिन्या तुंबतील का? १९८०च्या दशकात हे तपासले गेले आणि जिवंत शरीरातील रक्तप्रवाहात तसा अडथळा दिसला नाही. काचपट्टीवर स्थिर असलेली पेशी आणि धमन्यांत वाहणारी पेशी यांत मोठा फरक आहे. आज सिकलसेल रुग्णांच्या मेंदूतील सूक्ष्म इजा, खुब्याच्या हाडाची झीज आणि यकृतातील लोह पाहण्यासाठी जगभर एमआरआयच वापरला जातो.

याहून मोठे चुंबक लावले तर?

प्रयोगशाळांत सलग चालणारी सर्वांत प्रबळ चुंबके ४५ टेस्लाच्या आसपास आहेत. अशा क्षेत्रांत, अतिथंड तापमानात, पातळ थरातील इलेक्ट्रॉन मनाला येईल तसे फिरू शकत नाहीत. त्यांना ऊर्जेच्या ठरावीक पायऱ्यांवरच राहावे लागते. या पायऱ्यांना 'लँडाऊ पातळ्या' म्हणतात. १९८० मध्ये क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांना फ्रान्समधील ग्रेनोबल येथे दिसले, की अशा स्थितीत विजेचा एक विशिष्ट रोधही पायऱ्यापायऱ्यांनी बदलतो. २५,८१२.८०७ ओहम या आकड्याला पूर्ण संख्येने भागले, की त्या पायऱ्या मिळतात. जगातील प्रमाणित प्रयोगशाळा आता रोधाचे माप यावरूनच ठरवतात.

अणूचा आकारच बदलायचा असेल, तर सुमारे दोन लाख ३५ हजार टेस्लाच्या घरातील क्षेत्र लागते. तेवढ्या क्षेत्रात चुंबकाचे बळ अणुकेंद्राच्या ओढीशी बरोबरी करू लागते. पृथ्वीवर असे स्थिर क्षेत्र कुठेही नाही. 'मॅग्नेटार' नावाच्या मृत ताऱ्यांवर मात्र क्षेत्र हजार कोटी टेस्लाच्या घरात जाते आणि तिथे अणू सुईसारखे लांबट होतात. दीड टेस्लाचा एमआरआय त्या उंबरठ्यापासून लाखपटींहून दूर आहे.

मग चुंबकीय कडे, पट्टे यांचा उपयोग होतो का?

'रक्तातील लोह खेचून रक्ताभिसरण सुधारते' असे सांगत कडे, पट्टे आणि गाद्या विकल्या जातात. दीड टेस्लाच्या यंत्रात पाऊण तास पडून राहिल्यावरही रक्त ओढले जात नाही, तर मनगटावरच्या लहानशा चुंबकाने काय होणार? सिकलसेल किंवा रक्तक्षयावर असा उपचार नाही. त्यासाठीचे पैसे तपासणीच्या प्रवासखर्चाला वापरलेले बरे.

तपासणीला जाताना काय सांगावे?

खरा धोका रक्तातील लोहाचा नाही, धातूचा आहे. शरीरात पेसमेकर, मेंदूतील क्लिप, श्रवणयंत्राचे रोपण असेल, तर आधीच सांगावे. जुन्या जखमेत छर्रा किंवा धातूचा तुकडा राहिला असेल किंवा वेल्डिंग, ग्राइंडिंगचे काम करताना डोळ्यात कधी कण गेला असेल, तर तेही सांगावे. ताईत, करदोटा, जोडवी, केसातील पिना काढून ठेवाव्यात. गोंदण असल्यास कल्पना द्यावी. काही शाईंमध्ये लोहाचे ऑक्साइड असते आणि क्वचित त्वचेला चटका बसल्यासारखे वाटते.

सिकलसेल रुग्णाने तपासणीआधी भरपूर पाणी प्यावे आणि यंत्राच्या थंड खोलीत पांघरूण मागून घ्यावे. शरीरातील पाणी कमी होणे आणि थंडी या दोन्हींमुळे वेदनांचा झटका येऊ शकतो. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नयेत. सिकलसेलमधील रक्तक्षय मुख्यतः पेशी लवकर फुटल्यामुळे होतो, तो लोहाच्या कमतरतेमुळेच असेल असे नाही.

आणि आजपासून एक नोंद ठेवावी. कोणत्या तारखेला, कोणत्या रुग्णालयात, रक्ताच्या किती पिशव्या चढल्या, ते वहीत लिहावे किंवा कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवावा. पिशव्यांची संख्या दहा-वीसच्या घरात गेली असेल, तर पुढच्या भेटीत ती नोंद दाखवून 'लोहाचा साठा तपासायला हवा का?' हे डॉक्टरांना विचारावे.